गेम म्हणजे नुसता टाइमपास? खेळ गंभीर विषय कसा सांगतो ते समजून घेऊया



मुलांच्या हातातल्या मोबाईलवर बोलायला बसलो की आपली चर्चा बहुतेक वेळा दोनच प्रश्नांपाशी थांबते. मूल किती वेळ खेळतं? आणि डोळे खराब होतील का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण आणखी एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो गेम मुलाला नेमकं सांगतो काय?

गोष्टीचं पुस्तक घेताना आपण विषय पाहतो. सिनेमाला नेताना तो कशावर आहे हे विचारतो. गेमच्या बाबतीत मात्र "खेळतोय" एवढं म्हणून सोडून देतो. "गेममध्ये कसला आलाय गंभीर विषय? मारामारी नाहीतर गाड्या पळवणं!" हे वाक्य पालकसभेत तुम्हीही ऐकलं असेल. आजच्या लेखात याच वाक्याची जरा तपासणी करूया. युद्ध, आजारपण, गरिबी, अन्याय असे विषय गेम हाताळू शकतो का? शकत असेल तर कसा? आणि गेमवर जीव टाकणाऱ्या चाहत्यांचा यात वाटा काय?

आधी आपल्या घरातले दोन खेळ

सापशिडी आपण सगळेच खेळलो आहोत. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. आपल्याकडे परंपरेने त्याचं श्रेय संत ज्ञानेश्वरांना दिलं जातं. या पटावर शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. शेवटचं घर मोक्षाचं. म्हणजे जीवन कसं जगावं हा अतिशय गंभीर विषय सोंगट्या आणि कवड्यांवर मांडलेला होता. पुढे घरांमधली नावं गेली, नुसते साप आणि शिड्या उरल्या, आणि आपण तो लहान मुलांचा खेळ समजू लागलो.

दुसरा खेळ 'व्यापार'. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-दिल्ली विकत घेऊन भाडं वसूल करायचा तो. तो ज्या 'मोनोपॉली'वरून आला, तिचं मूळ अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी तयार केलेल्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. १९०४ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. जमीन मोजक्या लोकांच्या हातात गेली की बाकीचे भाडं भरून भरून कसे कंगाल होतात, हे लोकांना कळावं म्हणून त्यांनी तो बनवला होता. गंमत बघा, आज आपण तोच खेळ दुसऱ्याला कंगाल करण्याच्या आनंदासाठी खेळतो!

तरीही बाईंचं म्हणणं त्या खेळातून पुसलं गेलेलं नाही. खेळाच्या शेवटी एकाकडे सगळ्या नोटा आणि बाकीचे रुसलेले, हे चित्र प्रत्येक घरात दिसतं. कुणीही भाषण दिलेलं नसतं. ते सगळं नियमांनी घडवलेलं असतं.

इथेच आपला मुख्य मुद्दा आहे. पुस्तक शब्दांनी सांगतं, सिनेमा दृश्यांनी सांगतो आणि खेळ नियमांनी सांगतो. काय करता येईल, काय करता येणार नाही आणि केलेल्या गोष्टीची किंमत काय, हे नियम ठरवतात. म्हणून एखादा गेम गंभीर आहे की नाही हे त्याच्या चित्रांवरून ठरवू नका, त्याचे नियम बघा.

युद्ध, पण सैनिकाच्या बाजूने नाही

आता व्हिडिओ गेमकडे येऊ. पोलंडची राजधानी वॉर्सा. दुसऱ्या महायुद्धात हे शहर जवळजवळ उद्ध्वस्त झालं होतं. याच शहरातल्या '११ बिट स्टुडिओज' या कंपनीने २०१४ मध्ये 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा गेम काढला. नाव ऐकून बंदुका आणि रणगाडे डोळ्यांसमोर येतात. पण यात तुम्ही सैनिक नसता. वेढा पडलेल्या एका शहरातल्या पडक्या घरात अडकलेली साधी माणसं तुम्हाला सांभाळायची असतात. एक स्वयंपाकी, एक पत्रकार, एक फुटबॉल खेळाडू अशी.

शहर काल्पनिक आहे. पण त्यामागे बोस्नियाची राजधानी सारायेव्होचा खरा वेढा आहे. तो एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असा चालला. जवळपास चार वर्षं सामान्य माणसं गोळीबाराच्या छायेत पाणी, सरपण आणि अन्न शोधत होती.

गेमचे नियम असे आहेत. दिवसा बाहेर पडता येत नाही, कारण बंदूकधारी टिपून मारतात. मग घरातच चूल बांधायची, पावसाचं पाणी साठवायचं, झोपायला पलंग करायचा. रात्री एका माणसाने बाहेर जाऊन सामान शोधून आणायचं. त्याच्या पिशवीत मोजकंच मावतं. औषध घ्यायचं की लाकूड, डबाबंद अन्न घ्यायचं की मलमपट्टी? मागे राहिलेल्यांपैकी कुणी पहारा द्यायचा, कुणी झोपायचं? पुढे थंडी सुरू होते. युद्ध कधी संपणार हे खेळणाऱ्याला माहीत नसतं.

एका रात्री तुम्ही एका घरात शिरता. तिथे एक म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधं आहेत, आणि तुम्हाला अडवण्याची ताकद त्यांच्यात नाही. चोरी केली तर तुमची माणसं जगतील. गेम तुम्हाला अडवत नाही, "असं करू नये" असा उपदेशही करत नाही. पण चोरी करून परत आलात की तुमची माणसं खचतात. खचलेला माणूस धड काम करत नाही. आणि काही दिवसांनी पुन्हा त्या घरी गेलात तर ते जोडपं जिवंत नसतं.

आता विचार करा. "युद्धात माणुसकीची परीक्षा होते" हे वाक्य आपण निबंधात शंभर वेळा लिहून घेतलं असेल. इथे ते वाक्य कुठेच लिहिलेलं नाही. पण खेळणाऱ्याने स्वतःच्या बोटाने निर्णय घेतलेला असतो. पुस्तक वाचताना आपण म्हणतो, "त्याने चोरी केली." इथे म्हणावं लागतं, "मी केली." हा फरक लहान नाही.

जून २०२० मध्ये पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान मातेउश मोराविएत्स्की यांनी जाहीर केलं की हा गेम शाळांच्या वाचनाच्या शिफारस यादीत घेतला जाईल. समाजशास्त्र, नीतिशास्त्र, तत्त्वज्ञान आणि इतिहास शिकणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांसाठी तो मोफत देण्यात आला. दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, तो सक्तीचा नव्हता. दोन, हा गेम १८ वर्षांवरील वयासाठी आहे, त्यामुळे शिफारसही त्याच वयाच्या विद्यार्थ्यांसाठी होती. आपल्या प्राथमिकच्या मुलांना तो दाखवायचा नाहीच. पण एका देशाने गेमला पुस्तकांच्या रांगेत जागा दिली, ही गोष्ट शिक्षक म्हणून आपल्याला माहीत असायला हवी.

नियम बोलतात, त्याची आणखी तीन उदाहरणं

'पेपर्स, प्लीज' हा लुकास पोप यांचा २०१३ चा गेम. यात तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारे कारकून असता. जितक्या लोकांची तपासणी बरोबर, तितका पगार. त्या पगारात भाडं, अन्न, घर गरम ठेवण्याचा खर्च आणि आजारी माणसाचं औषध भागवायचं. एक माणूस येतो, त्याचे कागद बरोबर असतात. त्याच्यामागे त्याची बायको असते, तिचा एक परवाना नसतो. सोडायचं का तिला? सोडलं तर तुमच्या नावावर चूक लागते आणि अशा चुका वाढल्या की पगार कापला जातो. जुलमी व्यवस्था चांगल्या माणसाकडूनही वाईट काम कशी करून घेते, हे समजवायला मोठा ग्रंथ लागतो. इथे एक शिक्का आणि दिवसअखेरची चिंता पुरते.

'डिप्रेशन क्वेस्ट' हा २०१३ चाच, बहुतांश मजकुराचा गेम. नैराश्य आलेल्या माणसाचा दिवस त्यात आहे. प्रत्येक प्रसंगात पर्याय दिसतात, पण त्यातले चांगले पर्याय खोडलेले असतात. दिसतात, पण निवडता येत नाहीत. नैराश्यातल्या माणसाला आपण किती सहज म्हणतो, "जरा बाहेर जा, मित्रांना भेट, बरं वाटेल!" त्याला तो पर्याय दिसत नाही असं नाही, तिथवर त्याचा हात पोचत नाही, हे एका खोडलेल्या ओळीतून कळतं.

'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा गेम रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन दांपत्याने सहकाऱ्यांसोबत बनवला. त्यांचा मुलगा जोएल एक वर्षाचा असताना त्याला कॅन्सर झाल्याचं कळलं. मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना तो गेला. १२ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या जन्मदिवशी, हा गेम प्रसिद्ध झाला. त्यात दवाखान्यातली एक रात्र आहे. बाळ रडतंय आणि वडिलांच्या जागी तुम्ही आहात. तुम्ही जे काही करून बघाल त्याने रडणं थांबत नाही. गेम म्हटलं की काहीतरी केलं की काहीतरी जिंकतो, ही आपली सवय. इथे काहीही करून उपयोग होत नाही. आजारी लेकरापाशी रात्र काढलेल्या आईबापांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता चाहत्यांकडे वळूया

गेमच्या चाहत्यांना आपण बरेचदा 'वेडे' म्हणून मोकळे होतो. पण त्यांचं हे वेड काय काय करतं ते बघा.

ग्रीन दांपत्याचा गेम पूर्ण व्हायला लोकवर्गणीची मदत झाली. एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. वर्गणी देणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या गेलेल्या माणसांसाठी लिहिलेले संदेशही पाठवले. गेममधल्या दवाखान्यात जी शुभेच्छापत्रं दिसतात, त्यात हे खरे संदेश आहेत. खेळणारा एकेक पत्र उघडून वाचू शकतो.

'पेपर्स, प्लीज' आवडलेल्या रशियातल्या काही चाहत्यांनी पोप यांच्या संमतीने त्यावर छोटा चित्रपट केला. २०१८ मध्ये तो सगळ्यांसाठी मोफत उपलब्ध झाला. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा '११ बिट'ने जाहीर केलं की 'धिस वॉर ऑफ माइन'च्या एका आठवड्याच्या विक्रीतलं उत्पन्न युक्रेनच्या रेडक्रॉसला जाईल. सुमारे साडेआठ लाख डॉलर जमले. गेम युद्धातल्या सामान्य माणसांचा, आणि पैसेही त्यांच्याकडेच गेले.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर ज्या 'डिप्रेशन क्वेस्ट'बद्दल वाचलं, त्याच्या निर्मात्या झोई क्विन यांच्यावर ऑगस्ट २०१४ पासून इंटरनेटवर मोठा हल्ला झाला. खोटे आरोप, घाणेरड्या शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या. त्यांना राहतं घर सोडावं लागलं. 'गेमरगेट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात इतर अनेक स्त्रियांनाही लक्ष्य केलं गेलं. हल्ला करणाऱ्यांपैकी पुष्कळजण स्वतःला गेमचे खरे चाहते म्हणवत होते. "गेम हा गेमच राहू द्या, त्यात हे असले विषय आणू नका" असा सूर त्यात होता.

जरा थांबून बघा. "गेममध्ये कसला गंभीर विषय?" हे पालकसभेतलं वाक्य आणि त्या चाहत्यांचं म्हणणं फार वेगळं नाही. दोघांनाही गेम फक्त करमणूक म्हणून हवा आहे. एकाला तो त्यामुळे क्षुल्लक वाटतो आणि दुसऱ्याला त्यामुळेच प्रिय. गेमची चर्चा मोठ्यांनी करायचीच नाही असं ठरवलं, तर मुलं ती चर्चा फक्त ऑनलाइन अनोळखी लोकांकडून ऐकतील. तिथे प्रेमळ चाहते भेटतील की शिवीगाळ करणारे, हे आपल्या हातात राहत नाही.

मनात येणाऱ्या शंका

"खऱ्या दुःखाचा खेळ करणं बरोबर आहे का?" ही शंका योग्य आहे, आणि सगळे गेम या परीक्षेत उत्तीर्ण होत नाहीत. इराकमधल्या फलूजा शहरातल्या २००४ च्या लढाईवर 'सिक्स डेज इन फलूजा' नावाचा गेम २००९ मध्ये जाहीर झाला. त्यावर इतकी टीका झाली की प्रकाशक 'कोनामी' कंपनीने माघार घेतली. तो शेवटी २०२३ मध्ये सुरुवातीच्या रूपात बाहेर आला, तोपर्यंत वाद चालूच होता. अनेकांचा आक्षेप असा की त्यात खेळणारा मुख्यतः अमेरिकन सैनिकाच्या जागी असतो. मग त्या शहरात राहणाऱ्या इराकी लोकांचं काय? म्हणजे विषय गंभीर घेतला की गेम आपोआप गंभीर होतो असं नाही. कुणाच्या जागी उभं केलंय, हे बघावं लागतं.

"पण माझा मुलगा खेळत नाही, नुसतं यूट्यूबवर दुसऱ्याचं खेळणं बघतो." हेही खूप घरांत चालतं. ग्रीन दांपत्यालाही याचा फटका बसला. लाखो लोकांनी त्यांचा गेम व्हिडिओत पूर्ण पाहिला, पण विकत घेऊन खेळणारे त्यामानाने कमी निघाले. आपल्या दृष्टीने इथे एक गोष्ट महत्त्वाची. बघताना निर्णय दुसऱ्याचा असतो. वरच्या उदाहरणात म्हाताऱ्या जोडप्याचं घर व्हिडिओत पाहिलं तर तो सिनेमा झाला. गेमची खरी ताकद "मी केलं" यात आहे, आणि ती बघण्यात उरत नाही.

"मग मुलांना खेळू द्यायचं का हवं तेवढं?" अजिबात नाही. वेळेची मर्यादा हवीच. वयाची खूणही पाहायला हवी. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं लिहिलेलं असतं. गेम डाउनलोड करण्याआधी ते वाचायची सवय स्वतःला आणि मुलांना लावा.

घरी विचारायचे पाच प्रश्न

मूल खेळून उठलं की "झालं का एकदाचं?" असं विचारण्याऐवजी यातला एखादा प्रश्न विचारून बघा. एका वेळी एकच, नाहीतर ती तोंडी परीक्षा होईल!

१. या गेममध्ये तू कोण असतोस? (किंवा असतेस?)
२. जिंकायचं म्हणजे नक्की काय करायचं?
३. असं काय आहे जे तुला करावंसं वाटतं, पण गेम करू देत नाही?
४. यात कुणाचं नुकसान होतं? त्याचं पुढे काय झालं ते दिसतं का?
५. एक नियम बदलायला मिळाला तर कोणता बदलशील?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याला बरंच काही सांगून जातात. समोरच्याला मारलं की तो नाहीसा होतो, बस्स, असं उत्तर आलं तर ते त्या गेमचं म्हणणं आहे. ते मुलाला दिसलं, एवढंही पुष्कळ आहे.

वर्गात करून बघा : 'टँकर आला'

मोबाईल नको, इंटरनेट नको. चिंचोके, कागदाची कार्डं आणि एक तास पुरेसा आहे. इयत्ता तिसरी-चौथीसाठी परिसर अभ्यासातल्या 'पाणी' या विषयाला जोडून हा उपक्रम घेता येतो.

पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गट म्हणजे दुष्काळी गावातलं एक कुटुंब. एक चिंचोका म्हणजे एक हंडा पाणी. कुटुंबाच्या गरजा कार्डांवर लिहा : पिणं ३, स्वयंपाक २, गाय ४, अंघोळ ३, कपडे-भांडी २, दारातली रोपं २. बेरीज मुलांनाच करू द्या. १६ येते.

पहिल्या फेरीत प्रत्येक गटाला १२ चिंचोके द्या. कुठे किती वापरायचे ते गटाने बोलून ठरवायचं. ज्या गरजेला दोन फेऱ्या पूर्ण पाणी मिळालं नाही, ते कार्ड पालथं घालायचं. दुसऱ्या फेरीत १० चिंचोके द्या. तिसऱ्या फेरीत टँकर येत नाही, साठवलेले म्हणून ६ द्या. त्याच वेळी एका गटाचे चिंचोके सांडले असं जाहीर करा. तो गट बाकीच्यांकडे प्रत्येकी एक चिंचोका मागेल. द्यायचा की नाही, हे प्रत्येक गटाने ठरवायचं.

फेऱ्या झाल्या की लगेच तात्पर्य सांगू नका. आधी मुलांना बोलू द्या. माझ्या वर्गात पहिल्या फेरीत नुसता गोंगाट होता. तिसऱ्या फेरीत गायीचं कार्ड पालथं घालताना एक गट बराच वेळ थांबला होता. चर्चेत एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही नियमच असा केलाय की कुणीतरी तहानलेलं राहणारच." त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग खऱ्या गावात हा नियम कोण करतं?" पुढचा सगळा तास आम्ही त्यावरच बोललो. विहीर, बोअर, ऊस, टँकर, पाणलोट असे सगळे विषय मुलांनीच काढले.

पुढच्या दिवशी गटांना सांगा, "आता तुम्ही नियम बदला आणि खेळ पुन्हा मांडा." कुणी सामाईक टाकी आणेल, कुणी पावसाचं पाणी साठवेल, कुणी अंघोळीचं पाणी रोपांना देईल. जे मूल स्वतः नियम बनवतं, त्याला दुसऱ्याने बनवलेले नियमही दिसायला लागतात. मग ते मोबाईलमधल्या गेमचे असोत नाहीतर आजूबाजूच्या जगाचे.

पाचवीपुढच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांना हाच साचा वापरून स्थलांतर, बाजारभाव किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा असे विषय मांडता येतील. तुम्ही करून बघितलंत तर नियमांसकट कमेंटमध्ये जरूर लिहा. आपापल्या वर्गात ते खेळ घेऊन बघायला आम्हालाही आवडेल.